आत्याचा एच ड्राइव्ह

माझ्या आत्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज सी ड्राइव्हवर नव्हतं, एचवर होतं. 'माय कॉम्प्युटर' उघडलं की सी, डी, ई, एफ असे चार रिकामे ड्राइव्ह, जी म्हणजे सीडी, आणि सगळ्यात शेवटी एच. त्या एचमध्ये विंडोज एक्सपी, पेजमेकर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, शेकड्यांनी फाँट आणि २००७ पासूनचं तिचं सगळं काम. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, एमफिलचे प्रबंध. आत्याला यात काही वेगळं वाटायचं नाही. उलट दुसऱ्या कुणाच्या मशीनवर बसायची वेळ आली की ती विचारायची, "अगं, यात एच कुठाय?"

तुमच्यापैकी बरेच जण हे फोनवर वाचत असणार, आणि फोनला ड्राइव्हची अक्षरं नसतात. म्हणून थोडं मागे जाते.

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपीचे ड्राइव्ह असायचे, एक किंवा दोन. त्यांना ए आणि बी म्हणायचे. ही अक्षरांची पद्धतही आयबीएमची नव्हे आणि मायक्रोसॉफ्टचीही नव्हे. गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या सिस्टिममध्ये ती सत्तरच्या दशकापासून होती, डॉसनं ती उचलली. गंमत म्हणजे मशीनला एकच फ्लॉपी असली तरी डॉस तिलाच ए मानायचं आणि तिलाच बी. मध्येच थांबून 'आता बीची डिस्क घाला' असं सांगायचं, की माणसानं त्याच फटीतली फ्लॉपी बदलायची. मग १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, १० एमबीच्या हार्ड डिस्कसह. (दहा एमबी. तुमच्या फोनमधले दोनतीन फोटो.) ए आणि बी आधीच दिलेले होते, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. एवढंच कारण. पुढे फ्लॉपी गेल्या, ए-बीच्या जागा ओस पडल्या, तरी विंडोज आजही सीपासूनच सुरू होतं.

हे जगात सगळीकडे असंच होतं असंही नाही. जपानमध्ये एनईसी कंपनीचे पीसी-९८ घराण्यातले कॉम्प्युटर १९८२ पासून होते, आणि तिथे ज्या ड्राइव्हवरून मशीन सुरू होईल त्याला ए मिळायचं. म्हणजे हार्ड डिस्कच ए. त्या मशीनवर विंडोजही ए ड्राइव्हवरून चालायचं. तिथल्या माणसाला आपलं सी पाहून तितकंच नवल वाटलं असेल, जितकं मला आत्याच्या एचचं वाटलं.

अँड्रॉइड फोनवर एखादं फाइल मॅनेजर अ‍ॅप उघडून पाहा. आत कुठेतरी 'एसडीकार्ड' नावाची वाट सापडते. फोनला कार्डाची फटही नसते, फाइल आतल्याच मेमरीत असते, पण नाव एसडीकार्ड. सुरुवातीच्या फोनमध्ये खरंच कार्ड असायचं, हजारो अ‍ॅपनी तोच पत्ता लिहून ठेवला, मग तो बदलणं कुणालाच परवडेना. पुण्यात लकडी पुलाला लाकूड नाही आणि स्वारगेटला गेट नाही, तरी रिक्षावाल्याला ते सांगितल्यावरच कळतं. तसंच हे.

तर एच कुठून आलं? आत्याचं उत्तर सोपं होतं. "मेकॅनिकनं टाकून दिलं तेव्हापासून एचच आहे." मला मात्र ते चैन पडू देईना, कारण मी पोटापाण्यासाठी हेच करते: काहीतरी असं का आहे ते शोधत बसते. उत्तर कॅबिनेटच्या तोंडावरच होतं. फ्लॉपीच्या जागी कार्ड रीडर बसवलेला, चार फटींचा. २००५-०७ च्या सुमारास डिजिटल कॅमेऱ्यांची चलती होती आणि असे रीडर हौसेनं बसवले जायचे. एक्सपीचा सेटअप सुरू झाला की तो आधी जे ड्राइव्ह दिसतील त्यांना अक्षरं वाटत सुटतो. कोऱ्या डिस्कवर अजून एकही पार्टिशन नसतं, त्यामुळे ती रांगेत नसतेच. चार फटींनी सी, डी, ई, एफ घेतले. सीडी ड्राइव्हनं जी. मग मेकॅनिकनं पार्टिशन केलं, आणि त्याला पुढचं मोकळं अक्षर मिळालं. त्या काळात हे इतक्या जणांचं झालं होतं की 'विंडोज टाकण्याआधी कार्ड रीडरची वायर काढा' हा सल्ला मेकॅनिक मंडळींना तोंडपाठ झाला. आत्याच्या मेकॅनिकपर्यंत तो बहुधा पोचला नव्हता.

आणि एकदा मिळालं की सुटका नाही. बाकी कुठल्याही ड्राइव्हचं अक्षर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बदलता येतं. ज्यावर विंडोज स्वतः बसलंय त्याचं बदलायला गेलं तर ते साफ नकार देतं. ते बरोबरच आहे, कारण तोवर आतल्या हजारो नोंदींनी ते अक्षर लिहून घेतलेलं असतं. अक्षर बदललं तर काय होतं याचा एक्सपीमधला प्रसिद्ध नमुना असा: तुम्ही लॉगिन करता, 'सेटिंग लोड होतायत' असं येतं, लगेच 'सेटिंग सेव्ह होतायत' असं येतं, आणि तुम्ही परत लॉगिनच्या पडद्यावर. पुन्हा केलं तरी तेच. कारण लॉगिननंतर जो प्रोग्राम चालवायचा त्याचा पत्ता जुन्या अक्षरानं लिहिलेला असतो, त्या पत्त्यावर कुणी राहत नाही, म्हणून विंडोज तुम्हाला नम्रपणे दारातूनच परत पाठवतं.

आत्याचं दुकान गावभागात, घराच्याच खालच्या मजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा तिनं सगळ्यात आधी सीपीयू उचलून वर नेला. फ्रिज खालीच राहिला. त्यानंतरही ते मशीन चालत होतं. इंटरनेट त्याला कधी जोडलंच नाही. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट बंद केला त्याचा तिच्या दुकानाला पत्ताही लागला नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली. मग एका सकाळी तिचा फोन आला. "अगं, ते म्हणतंय सिस्टिम मिसिंग. सिस्टिम तर माझ्या समोरच आहे!"

पडद्याचा फोटो मागवला. विंडोजची रजिस्ट्री म्हणजे त्याची नोंदवही. ती एका फाइलीत नसते, चारपाच फाइलींत विभागलेली असते. त्यातली सिस्टिम नावाची फाइल वाचता येत नव्हती. बाकी डिस्क अर्धवट जिवंत होती.

एरवी मी म्हटलं असतं, आत्या, आता नवीन घे. पण त्यात हरिपूरच्या एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक होतं. हळदीच्या पेवांवरचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगलीची हळदीची पेठ मोठी, आणि ती हळद साठवायला शेजारच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणलेली असायची. तोंड बुजवलं की आत हवा शिरत नाही, हळदीला कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीच निकामी झाली. गुरुजींचे वडील त्या पेवांवर कामाला होते. गुरुजींनी म्हाताऱ्या माणसांशी बोलून, वह्या भरून, २१२ पानांचं पुस्तक केलं होतं. तिसरं प्रूफ झालं होतं. वह्या होत्या, पण प्रूफात त्यांनी इतकं बदललं होतं की वह्या म्हणजे वेगळंच पुस्तक. आणि गुरुजी आता चौऱ्याऐंशीचे, एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं कसंबसं.

मी चार दिवसांची रजा टाकून सांगलीला गेले.

पहिलं काम डिस्कमधून जे निघेल ते काढणं. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं एक फुकट हत्यार आहे. त्याचा स्वभाव मला फार आवडतो. ते खराब जागेशी आधी झगडत बसत नाही. सोपं सोपं सगळं वाचून घेतं, अडलं तिथे नोंद करून पुढे जातं, आणि सगळं झाल्यावर नोंदवही उघडून अडलेल्या जागांकडे परत येतं. १६० जीबीची डिस्क रात्रभर चालली. सकाळी जवळजवळ सगळं हाती होतं. न निघालेला भाग अगदी थोडा, काही एमबी. पण त्यातच सिस्टिमची फाइल होती, तिची विंडोजनं ठेवलेली प्रत होती, आणि पेवांच्या पुस्तकातली दोन प्रकरणं होती: सातवं आणि नववं.

आता फाइली आहेत तर माझ्या लॅपटॉपवर का उघडत नाही, हा प्रश्न आत्याच्या शेजाऱ्यांनीसुद्धा विचारला. तुम्ही आज फोनवर 'क' टाइप करता तेव्हा युनिकोडमध्ये 'क' म्हणूनच साठतो. कुठल्याही फोनवर तो 'क'च दिसणार. आत्याच्या काळातल्या मराठी फाँटमध्ये तसं नव्हतं. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे चितारलेले असत. अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. तो फाँट असेल तर मराठी दिसतं. नसेल तर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि पाउंडाची चिन्हं यांचा गोपाळकाला. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, मी वापरलेही. वेलांटी एक घर पुढे सरकते, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि पानाची मांडणी तर येतच नाही. एका डोळ्याच्या गुरुजींना २१२ पानांचं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचं, हे मला कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

शिवाय लॉक. टायपिंगचं सॉफ्टवेअर लॉक लावल्याशिवाय चालत नाही. हे लॉक म्हणजे काडेपेटीएवढी डबी, प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टात घालायची. माझ्या लॅपटॉपला असलं पोर्ट नाही, व्हर्च्युअल मशीनला ती डबी दिसत नाही, आणि नव्या विंडोजसाठी तिचा ड्रायव्हर कुणी लिहिलेला नाही. सॉफ्टवेअरची सीडी २०१९ च्या पुरात गेली. उरलं ते एवढंच, की त्याच मशीनमध्ये दुसरी डिस्क लावायची, एक्सपी टाकायचं, जुन्या डिस्कमधून सॉफ्टवेअरचं फोल्डर जसंच्या तसं उचलायचं, आणि रजिस्ट्रीतल्या त्याच्या नोंदी सॉफ्टवेअर नावाच्या फाइलीतून काढून नव्या नोंदवहीत चिकटवायच्या. ती फाइल सुदैवानं शाबूत होती.

नोंदी उघडल्या आणि ओळीमागून ओळी एच:, एच:, एच:. फाँटचं फोल्डर एचवर, शब्दकोश एचवर, कीबोर्डाचा नकाशा एचवर. पेजमेकरच्या फाइलींतली चित्रंही एचवरच्या पत्त्यांनी जोडलेली. म्हणजे पत्ता वापरणारे सगळे शिल्लक होते. आणि जी फाइल गेली, ती सिस्टिम, तीच पत्ते ठरवणारी. एक्सपी प्रत्येक अक्षरासाठी तिच्यात बारा बाइट लिहून ठेवतं: पहिल्या चार म्हणजे डिस्कची सही, पुढच्या आठ म्हणजे पार्टिशन डिस्कवर नेमकं कुठून सुरू होतं तो आकडा. साधारण सिटी सर्व्हे नंबरासारखं. त्या काळच्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३ सेक्टर सोडून सुरू व्हायचं, म्हणजे ३२,२५६ बाइटवर. एवढ्या बारा बाइट वाचल्या असत्या तर एच कोण हे विंडोजला कळलं असतं.

रस्ते तीन होते. एक, सगळ्या नोंदींत एचचं सी करून टाकायचं. साध्या नोंदींत ते शोधा-आणि-बदलानं होतं. पण काही नोंदी बायनरी होत्या, काही पत्ते सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलींत, काही पेजमेकरच्या शेकडो फाइलींच्या पोटात. एखादा राहणारच, आणि तो सहा महिन्यांनी एखाद्या लग्नपत्रिकेच्या ऐन गडबडीत उगवणार.

दोन, एक्सपी सीवर टाकायचं आणि 'सब्स्ट' नावाच्या डॉसच्या जुन्या कमांडनं त्यालाच एच असं दुसरं नाव द्यायचं. हा मी आधी करून पाहिला, कारण तो दहा मिनिटांचा होता. पेजमेकर खूश झालं. लॉकची सर्व्हिस मात्र उठेना. ती लॉगिनच्या आधी सुरू होते, आणि सब्स्टचं नाव लॉगिननंतर लागतं. तिला एच दिसतच नाही. यालाही पळवाट आहे, रजिस्ट्रीत लिहून बूट होतानाच नाव जोडता येतं. पण मग एकाच डिस्कला दोन नावं झाली, कुठली फाइल कुठल्या नावानं साठवली जाईल याचा भरवसा नाही, आणि आत्याला ते समजावणार कोण?

तीन, एक्सपी सरळ एचवर टाकायचं.

हे आत्याला सांगितलं तेव्हा तिला त्यात ठरवण्यासारखं काय आहे तेच कळेना. "मग कुठं टाकणार होतीस?"

मी जिथे काम करते तिथे अशा सेटअपला नॉनस्टँडर्ड म्हणतात, आणि त्या शब्दात एक नाक मुरडणं असतं. माझं मत वेगळं आहे. जिथे सतरा वर्षं रोज काम झालं ती जागा तिथल्या माणसासाठी स्टँडर्डच. जुळवून घ्यायचं असेल तर मी आणलेल्या नव्या डिस्कनं घ्यावं, ती परवाच आली.

प्रश्न असा, की एक्सपीचा सेटअप तुम्हाला अक्षर विचारत नाही. तो देतो ते घ्यायचं. तेव्हा ज्या योगायोगानं २००७ मध्ये एच मिळालं होतं तोच योगायोग पुन्हा मुद्दाम मांडायचा. सगळे सांगतात कार्ड रीडरची वायर काढा. मी ती नीट बसलीय ना हे दोनदा पाहिलं. बायॉसमध्ये साटा डिस्क जुन्या आयडीई पद्धतीनं चालेल असं करून ठेवलं, नाहीतर एक्सपीला डिस्क दिसत नाही. काही मशीनवर तर अर्ध्यातच निळा पडदा येतो. सीडी घातली, कुठलंही बटण दाबलं, एफ८ दाबून करार मान्य केला.

निळ्या पडद्यावर डिस्कची यादी आली. माझी कोरी डिस्क. आणि चार फटी. त्यातल्या तीन रिकाम्या. सीपुढे मात्र एफएटी असं लिहिलेलं, आणि हजार एमबीच्या जरा खालचा आकडा.

"आत्या, या सीमध्ये काय आहे?"

"कार्ड आहे की. ते काढू नको हं."

मी पुढे काही करण्याआधी एफ३ दाबून बाहेर आले. कॅबिनेटच्या पहिल्या फटीत खरंच एक मेमरी कार्ड होतं, धुळीनं कडा बुजलेलं, काढायला नेलकटरचं टोक लागलं. आत्यानं हकिकत सांगितली. टायपिंगचं सॉफ्टवेअर सुरुवातीपासून मध्येच एक खिडकी उघडायचं: ड्राइव्हमध्ये डिस्क नाही, सीमध्ये डिस्क घाला. खाली तीन बटणं, कॅन्सल, ट्राय अगेन, कंटिन्यू. कुठलंही दाबा, दहा मिनिटांनी परत तीच. मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला फॉरमॅट मारावा लागेल. आत्यानं विचार केला: हे सीमध्ये डिस्क घाला म्हणतंय, तर घालून बघू. काकांच्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यातलं एक जीबीचं कार्ड पहिल्या फटीत सारलं. खिडकी बंद. त्यानंतर कधीच आली नाही.

मी अक्षरशः हसत खाली बसले. ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं तात्पुरत्या फाइलींसाठी सी:\टेम्प असा पत्ता सरळ कोडमध्ये लिहून टाकला होता. टेम्प फोल्डर कुठे आहे हे विंडोजला विचारायची सोय तेव्हाही होती, त्यासाठी एक ओळ पुरते. पण त्याच्या मशीनला सी होता, त्याच्या ओळखीतल्या सगळ्यांच्या मशीनला सी होता. असं कोड मी आजही दर महिन्याला पाहते, फक्त सीच्या जागी दुसरं काहीतरी असतं: प्रत्येकाला आडनाव असतं, प्रत्येकाच्या फोनला नेट असतं, प्रत्येकाच्या पत्त्यात पिन कोड असतो. त्यातली चूक कळायला कुणीतरी एचवर राहणारं लागतं. आणि आत्यानं, कोडचं एक अक्षर न वाचता, त्या माणसाचं गृहीतक एक जीबीचं कार्ड खर्चून खरं करून दिलं होतं.

कार्ड लॅपटॉपला लावलं. टेम्प फोल्डर. आत सहाशेच्या वर फाइली, आकड्यांची नावं.

सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी चालू मजकूर तिथे उतरवून ठेवायचं आणि नीट बंद केलं की पुसून टाकायचं. मग या का उरल्या? तारखा लावून पाहिल्या तेव्हा आत्याच म्हणाली, "हे लोडशेडिंगचं असेल." बरोबर होतं. लाईट गेली की मशीन बंद, पुसायला वेळच नाही. यूपीएसची बॅटरी बसल्यापासून तर प्रत्येक वेळी. कार्डावर उरलेल्या फाइली म्हणजे गावभागात काम चालू असताना लाईट गेल्याची यादी होती, वर्षानुवर्षांची. उन्हाळ्यात दाट, दिवाळीच्या आसपास विरळ. बहुतेक फाइली अर्ध्या निमंत्रणांच्या. 'आपली उपस्थिती हाच' इथवर आलेलं एक मंगलकार्य, पुढे अंधार.

पेवांचं सातवं प्रकरण त्यात पूर्ण मिळालं, तिसऱ्या प्रूफाच्या दुरुस्त्यांसकट. त्या संध्याकाळी प्रकरण पुरं झालं होतं आणि आत्या शेवटचा शब्द तपासत असताना लाईट गेली होती. नववं निम्मंच मिळालं. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आतली कोंडलेली हवा जिवावर बेतते, इथवर. त्या दिवशी लाईट जरा लवकर गेली. आत्या एवढी वर्षं ज्या वीज मंडळाला नावं ठेवत आली, त्याला त्या दुपारी तिनं पहिल्यांदा वेगळी शिवी दिली: "मेल्यांनी अजून अर्धा तास थांबायचं!"

कार्डाच्या दोन प्रती केल्या आणि कार्ड बाहेर ठेवूनच सेटअप पुन्हा सुरू केला. फट रिकामी राहिली तरी सी तिच्याकडेच राहतं. कार्ड आत राहिलं असतं तर सेटअपनं बूटच्या फाइली कदाचित त्याच्यावरच लिहिल्या असत्या, ते नको होतं. यादीत कोऱ्या डिस्कवर गेले, पार्टिशन करायला कीबोर्डवरचा सी दाबला (याचा ड्राइव्हच्या सीशी संबंध नाही, क्रिएटचा सी). क्षणभरानं नवी ओळ उमटली आणि तिच्या डोक्याशी एच होतं.

आत्या पाठीमागे उभी होती. म्हणाली, "हां. आलं."

मशीनला स्वतःला या अक्षराशी काही देणंघेणं नसतं, हे सांगायला हवं. बूट होताना कुठली डिस्क आणि कुठलं पार्टिशन हे बूट डॉट आयएनआय नावाच्या छोट्या फाइलीत आकड्यांनी लिहिलेलं असतं. डिस्क शून्यापासून मोजायची, पार्टिशन एकापासून. असं का, ते विचारू नका. त्या आकड्यांत सीही नाही आणि एचही नाही. अक्षर येतं ते विंडोज जागं झाल्यावर.

फॉरमॅट, कॉपी, रीस्टार्ट, आणि मग ती हिरवट-निळी पाटी, 'अंदाजे ३९ मिनिटे'. ज्यांनी नव्वदीनंतर शाळा-कॉलेजात विंडोज टाकलंय त्यांना ही ३९ मिनिटं आठवतील. ती घड्याळाशी कधीच जुळत नाहीत. आत्यानं तेवढ्यात पोहे केले.

मग उरलेलं काम कंटाळवाणं आणि सरळ होतं. लॉकचा ड्रायव्हर, फाँट, सॉफ्टवेअरचं फोल्डर, रजिस्ट्रीच्या नोंदी एकही अक्षर न बदलता. कार्ड परत पहिल्या फटीत. आत्याला मी म्हटलं, याच्याऐवजी काहीतरी कायमचं करता येईल. ती म्हणाली, "सतरा वर्षं टिकलं, अजून किती कायमचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच केलं, की रोज रात्री त्या टेम्पची आणि एचवरच्या कामाची नक्कल एका पेनड्राइव्हवर जाईल अशी छोटी बॅच फाइल लिहून दिली. त्यात एच हे अक्षर थेट लिहिलेलं नाही. विंडोज ज्या ड्राइव्हवर बसलंय त्याचं नाव विंडोजलाच विचारलंय. आत्याला हा फरक दिसणारही नाही, पण मला तसं लिहिताना बरं वाटलं.

युनिकोडचा विषयही काढला. हे पुस्तक छापून झालं की सगळं हळूहळू बदलून घेऊ, मी पुण्याहून करेन. ती नाही म्हणाली नाही. "आधी गुरुजींचं होऊ दे" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गुरुजी रिक्षानं आले. नवव्या प्रकरणाचं निम्मं आत्यानं वाचून दाखवलं, ते डोळे मिटून ऐकत होते. जिथे मजकूर तुटला तिथे ते थांबले नाहीत. पुढे सांगायलाच लागले. आत्यानं कीबोर्ड ओढला. मध्ये दोनदा म्हणाले, "मागच्या वेळी हे असं लिहिलं नव्हतं, हे राहून गेलं होतं, आता घ्या." आत पहिल्यांदा कोण उतरायचं, दोर कोण धरायचं, वर थांबलेल्यांनी एकसारखं बोलत का राहायचं. त्यांचे वडील दोर धरणाऱ्यांतले.

पुस्तक आता २१९ पानांचं झालंय आणि गुरुजींनी चौथं प्रूफ मागितलंय. आत्या बिल पानावर लावते. जादा सात पानांचे पैसे गुरुजी देणार म्हणतात, ती घेणार नाही म्हणते. त्यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.